समोरच्याची किल्ली

रविवारी सकाळी दाढीचा साबण लावून उभा होतो, तेवढ्यात बेल वाजली आणि समोरच्या बाईंनी माझी किल्ली माझ्या ओल्या हातात ठेवली. "ही घ्या तुमची. आता आमच्याकडे नको." मी म्हटलं, "का हो बाई, काय झालं?" "काही व्हायलाच पाहिजे का? नको म्हटलं ना." आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेल्या बाईंचं 'नको' हे नुसतं नको नसतं, त्याच्या पाठोपाठ अख्ख्या वर्गाची शांतता येते. बाई वळल्या, समोरच्या आपल्या उघड्या दारात शिरल्या आणि दार लागलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं. आपटलेल्या दारात निदान राग असतो आणि रागाला कारण असतं. हे दार हळूच लागलं, आत कोणीतरी आजारी झोपलेलं असावं तसं. तोवर माझ्या अर्ध्या गालावरचा साबण वाळून ताणायला लागला होता.

किल्ली परत येणं ही आमच्या इमारतीत साधी गोष्ट नाही. शहर जिथे संपतं असं शहरातले लोक म्हणतात आणि जिथे सुरू होतं असं बिल्डर म्हणतात, त्या जागी आमचं उपनगर आहे. सगळ्या इमारती एका साच्यातल्या, एकाच फिकट पिवळ्या रंगाच्या. नव्याने राहायला आलेला माणूस एकदा तरी दुसऱ्याच्या दाराला आपली किल्ली लावून खटपट करतो. आम्ही त्याला हसत नाही, कारण प्रत्येकाने कधी ना कधी ती खटपट केलेली आहे. वरच्या मजल्यावर पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ एकटे राहायचे. ते बाथरूममध्ये पडले आणि तिथेच राहिले. त्यांच्या दाराला अडकवलेल्या दुधाच्या पिशव्या वाढत होत्या, आम्ही सगळे त्या पिशव्यांना खांदा लागणार नाही अशा बेताने जिना चढत होतो, आणि प्रत्येकाला वाटत होतं की गावाला गेले असतील, दूध बंद करायला विसरले असतील. शेवटी आमच्या नाकांनी आम्हाला सांगितलं. दार फोडायला जे चौघे-पाचजण होते त्यांत मी होतो. त्यानंतरच्या मीटिंगमध्ये एकमताने ठरलं, आणि आमच्या मीटिंगमध्ये एकमताने ठरलेली ती एकुलती एक गोष्ट, की प्रत्येकाने आपली एक किल्ली समोरच्याकडे ठेवायची. शेजारच्याकडे नाही. शेजाऱ्याशी भिंत सामाईक असते, म्हणजे भांडण आलं. समोरच्याशी फक्त चार पावलांचा पॅसेज सामाईक असतो, आणि पॅसेजवरून कोणी भांडत नाही. दारामागे खिळा, खिळ्याला समोरच्याची किल्ली; दूध दारात राहिलं की किल्ली लावून आत जायचं. बायको गेली, मुलगी लांब नोकरीला गेली, तेव्हापासून बाईंच्या खिळ्यावर जे लटकत होतं ती नुसती किल्ली नव्हती. आपण पोस्टवाले होणार नाही याची ती हमी होती. ती आज परत आली, साबणाने बुळबुळीत झाली, आणि तिचं काय करायचं ते न कळून मी ती फ्रिजवर ठेवली.

मी विमा कंपनीत आगीचे दावे तपासतो. जळलेल्या घरात जायचं, भिंतीवर काजळी कशी चढलीय ते बघायचं, आग कुठून उठली ते ठरवायचं, आणि घरमालक सांगतो ती आग आणि भिंत सांगते ती आग एकच आहे का ते लिहायचं. इमारतीत सगळे मला 'आगवाले' म्हणतात, बाई तर "काय आगवाले, आज कोणाचं उरकलंत?" असं विचारूनच जिन्यात वाट देतात. नोकरीला लागलो तेव्हा माझ्या साहेबांनी एकच धडा दिला होता: काय जळलं ते कोणीही बघेल, तू काय नाही ते बघ. भिंतीत खिळा आहे, पण खिळ्याखाली फ्रेमने झाकून राहिलेला उजळ चौकोन नाही, तर फोटो आगीच्या आधीच घराबाहेर पडलेला असतो. आणि स्वतःच्या लग्नाचा फोटो आधीच बाहेर नेऊन ठेवणाऱ्याला आग कधी लागणार हे माहीत असतं. या धड्यावर मी नोकरी केली. संसारही बऱ्यापैकी त्याच्यावरच केला, बायको म्हणायची, "तुम्हाला जेवायला वाढलं तर तुम्ही ताटात काय नाही तेच बघता." तेव्हा दाढी अर्धवट ठेवून मी खुर्चीत बसलो आणि काय नाही ते बघायला लागलो. आणि ते दिसलंच. बाईंनी माझी किल्ली परत केली होती, पण स्वतःची परत मागितली नव्हती. ती माझ्या दारामागच्या खिळ्यावर होती, लाल लोकरीचा गोंडा बांधलेली. माझ्यावरचा विश्वास उडाला असता तर त्यांनी आधी आपली किल्ली मागितली असती. म्हणजे विश्वास उडालेला नाही, असा एक अर्थ. किंवा, उद्या त्यांच्या घरातलं काही गेलं तर किल्ली कोणाकडे होती हे सगळ्या इमारतीला सांगता यावं, असा दुसरा अर्थ. मी नेहमी दुसरा अर्थ घेतो. त्याचाच मला पगार मिळतो.

मग बाकीचं आपोआप जुळत गेलं. गेले काही महिने माझ्या घरातल्या वस्तू जागा बदलत होत्या. चोरीला काही जात नव्हतं. वस्तू फक्त सरकत होत्या. ऑफिसातून यावं तर माझ्या सपाता दाराच्या उजवीकडे असायच्या त्या डावीकडे, बोटं बाहेर करून ठेवलेल्या. ओट्यावरचे कप एका बाजूचे दुसऱ्या बाजूला. खिडकीतली खुर्ची खिडकीच्या दुसऱ्या टोकाला. पहिल्यांदा वाटलं, आपणच ठेवलं असेल. दुसऱ्यांदाही तसंच वाटलं. तिसऱ्यांदा मी खुर्ची परत जागेवर ठेवली नाही. कारण त्याआधी चष्म्याचं झालं होतं. बायकोचा चष्मा मी खिडकीजवळच्या फळीवर ठेवतो, काड्या मिटून. ती स्वतः कधीच मिटायची नाही. उघडाच टाकायची, उताणा, पाय वर केलेल्या किड्यासारखा, आणि त्यावरून आमची आयुष्यभर बाचाबाची झाली. एक दिवस संध्याकाळी आलो तर चष्मा वर्तमानपत्रावर होता आणि काड्या उघड्या होत्या. मी शिकलेला माणूस आहे, भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण बायकोवर आहे. मी कोणाला काही बोललो नाही, चष्मा बरेच दिवस तसाच ठेवला, त्याच्याभोवतालची धूळसुद्धा सांभाळून पुसली. ऑफिसातून येताना जिना जरा लवकर चढायला लागलो. कुलूप उघडताना आत काय सरकलं असेल या विचाराने केसांवरून हात फिरवायचो, कॉलेजात असताना फिरवायचो तसा. आणि आता फ्रिजवर पडलेल्या त्या किल्लीने सगळं समजावून सांगितलं. बाई येत होत्या. मी नसताना दार उघडून माझ्या घरात फिरत होत्या, माझ्या खुर्चीत बसत होत्या, माझ्या बायकोचा चष्मा हातात घेत होत्या. मी एकदा तिला स्मशानात पोचवून आलो होतो. रविवारी सकाळी अर्धी दाढी केलेल्या अवस्थेत मी खुर्ची जुन्या जागी ओढली, चष्म्याच्या काड्या मिटून तो फळीवर ठेवला; मला तिला पुन्हा पोचवावं लागलं, आणि या वेळी बरोबर कोणी नव्हतं.

मुलीचा फोन आला. ती दर रविवारी करते, काहीतरी चिरता चिरता, त्यामुळे तिचं बोलणं सुरीच्या ठेक्यात येतं. "मग त्यात काय, बाबा? नको असेल त्यांना जबाबदारी. सरळ विचार ना." "विचारलं." "मग?" "नको म्हणाल्या." "मग नको. संपलं." तिच्या पिढीचं बरं असतं, 'नको' म्हटलं की त्यांना ते ऐकूच येतं. मी वस्तू सरकण्याचं सांगितलं, चष्मा सोडून. सुरी थांबली. "बाबा, रागावू नकोस. तूच ठेवून विसरत नसशील ना?" "मी?" "नाही, म्हणजे वय..." "मला आगीत वितळलेल्या पंख्याचं बटण कुठल्या बाजूला होतं ते सांगता येतं." "पंख्याचं येतं रे. स्वतःचं येतं का?" फोन ठेवल्यावर मी जरा वेळ स्वतःवर संशय घेऊन बघितला. जमला. फार सहज जमला, म्हणून सोडून दिला. जे कारण पहिल्या भेटीत गळ्यात पडतं ते खरं नसतं, हाही साहेबांचाच धडा.

सेक्रेटरी मला जिन्यात भेटला. हा माणूस पूर्वी कुठल्याशा कारखान्यात सुरक्षिततेच्या पाट्या लिहून घ्यायचा, आता आमच्या इमारतीत लावतो. "आगवाले, बाईंनी किल्ली परत केली म्हणे." मला प्रश्न पडला तो हा, की 'म्हणे' कोण? पॅसेजमध्ये बाई होत्या आणि मी होतो. "तुम्हाला कोणी सांगितलं?" "बाईंनीच. म्हणाल्या, आगवाल्यांसाठी दुसरं कोणीतरी बघा." "का, ते नाही सांगितलं?" "मी कशाला विचारू? बाई मला अजून पाढे विचारतील अशी भीती वाटते." हसला, मग आवाज खाली आणून म्हणाला, "त्यांचा मुलगा हल्ली मला फोन करतो हं तिकडून. आई कशी आहे, कोण येतं-जातं, घराचं काय करायचं. चांगला मुलगा आहे." 'घराचं काय करायचं' हे तीन शब्द मी खिशात घालून वर आणले आणि टेबलावर पसरले. परदेशातला मुलगा, एकटी आई, समोर एकटा राहणारा पन्नाशी ओलांडलेला माणूस. हल्ली लोक समोरासमोरचे दोन फ्लॅट घेतात, मधला पॅसेज गिळतात आणि एकच मोठं दार बसवतात. मापं घ्यायला आत यावं लागतं. खुर्ची सरकवून भिंत बघावी लागते. सगळं बसलं. फक्त माप घेणारी बाई चष्मा कशाला उघडेल, तेवढं बसेना, पण प्रत्येक अहवालात न बसणारी एक ओळ असतेच; ती शेवटच्या पानावर टाकतात.

दुसऱ्याच दिवशी मी किल्लीवाल्याला बोलावून कुलूप बदलून घेतलं. रजा घेतली नाही, ऑफिसात 'साइटवर आहे' म्हणून सांगितलं, आणि एका अर्थाने ते खरं होतं. त्याने नवं कुलूप बसवलं, भुसा फुंकला आणि किल्ल्या पुढे केल्या. "एक समोर द्या. या इमारतीत देतात." "माहीत आहे मला. मला नाही द्यायची." "मग पडलाबिडलात तर?" "पडणार नाही." "बरं," तो म्हणाला, मी न पडण्याचं त्याच्याशी काहीतरी ठरवल्यासारखं. तो गेला आणि नव्या कुलपाचा खटका मी पुन्हा पुन्हा फिरवून ऐकला. भक्कम आवाज होता. हे दार फोडायला पोस्टवाल्यांच्या दारापेक्षा जास्त माणसं लागली असती. त्या दिवसापासून मी अंघोळ करताना नळाला धरून उभा राहायला लागलो. साबण खाली पडला तर तो तसाच पडू द्यायचो. बाथरूमच्या दाराला आतून कडी लावणं बंद केलं, मग लक्षात आलं की बाहेरचं दार बंद असताना त्या कडीचा काही संबंध नाही, तरी लावली नाही. दूध मात्र पहाटेच आत घ्यायचो. ते चुकून दारात राहिलं आणि कोणीच आलं नाही, तर ते मला कळायला नको होतं.

आणि मी दाराच्या भिंगातून बघायला लागलो. आधी मी त्यातून कधी बघत नसे. नोकरीत दिवसभर तेच असतं. भिंगातून पॅसेज वाकडा दिसतो, माशाच्या पोटातून बघितल्यासारखा, आणि समोरचं दार लांब, छोटं, गोलसर. संध्याकाळी बाई बाहेरून आल्या की जिन्याच्या तोंडाशी थांबायच्या. हातात पिशवी, दुसऱ्या हातात किल्ली. एकदा त्यांच्या दाराकडे बघायच्या, एकदा माझ्या. पुन्हा त्यांच्या, पुन्हा माझ्या. वर्गावर नजर फिरवून कोणाला उठवायचं ते ठरवणारी बाई जशी थांबते तशा थांबायच्या, आणि मग आपल्या दारात जायच्या. माप घेतायत, मी मनाशी म्हणायचो. दोन्ही दारं एका नजरेत बसवतायत. जिन्यात समोरासमोर आलो की मी मोबाइल कानाला लावायचो. त्यांनी एकदाच विचारलं, "आगवाले, दुसऱ्या कोणाकडे ठेवलीत का किल्ली?" मी म्हटलं, "बघतोय." "बघत काय बसताय? ठेवा. एकट्या माणसाने असं राहू नये." एवढी काळजी वाहणाऱ्या माणसाला काहीतरी लपवायचं असतं, हे मला जळलेल्या घरांनी शिकवलंय.

एका संध्याकाळी मी टेबलावर एका गोदामाचे फोटो पसरून बसलो होतो. दाराशी खरखर झाली. कुलपात कोणीतरी किल्ली घालत होतं. घातली, फिरेना, काढली, उलटी करून पुन्हा घातली. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. इतके दिवस सांभाळलेला संशय अखेर स्वतःच्या पायांनी घरी आला होता. मी पाय न वाजवता गेलो. भिंगात बाईंचं मोठं कपाळ, वाकलेलं. म्हणजे परत करण्याआधी माझ्या किल्लीची नक्कल करून घेतली होती तर. मी दार खसकन उघडलं. "बोला बाई."

बाई सरळ झाल्या. एका हातात भाजीची पिशवी. दुसऱ्या हातातल्या किल्लीला लाल लोकरीचा गोंडा होता, माझ्या खिळ्यावरच्या किल्लीला होता तसाच. ती त्यांचीच किल्ली होती, त्यांच्याच दाराची. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. त्यात ओळख नव्हती, भीतीही नव्हती, थोडी नाराजी होती. "कोण पाहिजे आपल्याला?" त्यांनी मला विचारलं. माझ्या घराच्या उंबऱ्याच्या आत उभ्या असलेल्या मला. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं, अनेक दिवस घासूनपुसून ठेवलेलं. ते सोडून मी म्हटलं, "समोर राहतो. आगवाले." "हां हां. या ना मग, बाहेर का उभे? कुलूप जरा अडकतंय, यांना सांगायचंय तेल घालायला." 'हे' जाऊन जमाना झाला होता. बाई आत आल्या, चपला काढल्या, दाराच्या डावीकडे ठेवल्या, बोटं बाहेर करून. जाता जाता खुर्चीला हात घालून ती खिडकीच्या दुसऱ्या टोकाला ओढली, रोजच्या कामासारखी, न बघता. "बसा. चहा टाकते." जळलेल्या घरातली माणसं कधीकधी मला 'बसा' म्हणतात. बसायला काही उरलेलं नसतं, तरी म्हणतात. मी बसलो. बाई स्वयंपाकघरात जायला डावीकडे वळल्या, आणि तिथे भिंत होती.

समोरासमोरचे फ्लॅट आरशातल्यासारखे असतात. त्यांचं उजवं ते माझं डावं. इतकी वर्षं राहूनही हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, काय नाही ते बघण्याच्या नादात. माझं घर कोणी मोजत नव्हतं, कोणी उचकत नव्हतं. कोणीतरी बाहेरून दमून येऊन आपलं घर नीट लावत होतं, एवढंच.

बाई भिंतीला तळहात लावून उभ्या राहिल्या. भिंत चाचपली, थोडी खाली, थोडी बाजूला, जणू नकाशावर गाव सापडत नव्हतं. मग हात तसाच ठेवून, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "परत झालं का हो, आगवाले?"

"हो."

"पण किल्ली तर मी तुम्हाला परत केली होती."

"केली होती. आज मीच दार उघडलं."

त्या येऊन पलंगाच्या कडेवर बसल्या. पिशवी मांडीवर घट्ट धरलेली. "मागे एकदा तुमच्या खुर्चीत जागी झाले. समोर माझा खिळा, माझा पडदा, काहीच नाही. आणि किल्ली कुलपात तुमची, बाहेर पडताना खिळ्यावरून आपली म्हणून उचललेली, माझ्या हाताने लावलेली. तेव्हा ठरवलं, ही आपल्याकडे ठेवायची नाही."

"मग मला सांगायचं होतं ना बाई."

"काय सांगू? आगवाले, मी अधूनमधून तुमच्या घरात राहून येते, असं?" त्यांना हसू आलं आणि लगेच गेलं. "मुलाला कळलं तर तो न्यायला येईल. तिकडे चांगली सोय असते म्हणतो, अशा लोकांची. अशा लोकांची म्हणतो. इथे मला निदान दोनच दारांचा घोटाळा आहे. तिथे लांबच लांब दारं असतील." मग म्हणाल्या, "माझी किल्ली म्हणूनच तुमच्याकडे राहू दिली. मला लागणार ती. सेक्रेटरीला बोलू नका. तो पाटी लावेल."

मी उठलो आणि फळीवरून नव्या कुलपाची जास्तीची किल्ली काढली. त्यांच्यापुढे धरली.

"ही काय? कुलूप बदललंत?" भूगोलाच्या बाईंच्या डोळ्यांत एकदम लख्ख उजेड आला. "माझ्यामुळे ना? मी चोर वाटले तुम्हाला."

"बिल्डर वाटलात."

"काय?"

"काही नाही. ही ठेवा खिळ्यावर."

"डोकं ठिकाणावर आहे का? मी परत येईन."

"या."

"तुम्ही घरात नसताना येईन. गॅस पेटवीन आणि विसरेन. आगवाले ना तुम्ही? काय सांगाल ऑफिसात?"

"जाताना गॅस खालून बंद करून जाईन. बाई, मी बाथरूममध्ये पडलो तर दुसरं कोणी येणार नाहीये. तुम्ही निदान चुकून तरी याल."

बाईंनी किल्ली घेतली. बराच वेळ तळहातावर तोलली. "चुकून कशाला?" त्या म्हणाल्या, "दूध दिसलं की येईन. दूध कळतं मला अजून." त्यांना त्यांच्या दारापर्यंत पोचवलं. आत खिळ्यावर किल्ली लटकवताना मी बघितलं. त्यांच्या सपाता डावीकडे, खुर्ची खिडकीच्या त्या टोकाला, सगळं माझ्या घरासारखं आणि सगळं उलटं. निघता निघता मी म्हटलं, "एक चष्म्याचं तेवढं... तो बायकोचा आहे. बाकी काय वाटेल ते हलवा." बाई गळ्यातल्या दोरीला लटकलेला आपला चष्मा चाचपत म्हणाल्या, "कुठला चष्मा? दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा मी कशाला लावू? डोकं उठतं माझं."

घरी येऊन आधी चपलांचं कपाट ओढत ओढत दाराच्या डावीकडे नेलं. कप दुसऱ्या बाजूला मांडले, आणि स्वतःसाठी पाणी घ्यायला गेलो तर हात जुन्याच जागी गेला. मग चष्म्यापाशी आलो. बाईंना आठवत नसेल, असं सहज म्हणता आलं असतं; ज्यांना स्वतःचं दार आठवत नाही त्यांची साक्ष कोण धरतं? किंवा मुलगी म्हणते तसं, मीच. किंवा. अशा वेळी आम्ही अहवालात लिहितो, 'कारण निश्चित करता आलं नाही', आणि फाइल बंद करतो. चष्म्याच्या काड्या मी उघडल्या आणि तशाच राहू दिल्या.